राइस मिलमधला बिनपंख्याचा ठोकळा

माझ्या दुकानात आलेला नवा माणूस आधी भिंतीवरचं सर्टिफिकेट वाचतो, मग टेबलावर उघडा पडलेला कॉम्प्युटर बघतो आणि शेवटी मला विचारतो, "मिस्त्री कुठं गेले?" गोंदियात वीसेक वर्षं हे चाललंय. सुरुवातीला मी चिडायचे. आता म्हणते, "जेवायला गेलेत, तोवर मी बघते." काम झालं की निघताना काही जण म्हणतात, "मिस्त्रींना नमस्कार सांगा." मी सांगते.

धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा असला तरी माझं नाव झालं ते एकाच कामासाठी. तापून बंद पडणारा कॉम्प्युटर मी चालता करते. कॉम्प्युटरची सगळी आकडेमोड करणारा भाग म्हणजे प्रोसेसर. असतो काडेपेटीपेक्षा लहान, पण काम करताना इतका तापतो की उघडा ठेवला तर मिनिटभरात स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो. म्हणून कंपनी त्याच्यावर अॅल्युमिनियमचा एक ठोकळा बसवून देते. ठोकळ्याला पातळ पाती असतात आणि वर एक पंखा. ठोकळा उष्णता ओढून घेतो, पाती ती हवेत सोडतात, पंखा ती हवा हलवतो. या ठोकळ्याला हीटसिंक म्हणतात. कंपनीने तो बनवलेला असतो एसीत बसणाऱ्या माणसासाठी. आमचा मे महिना कंपनीने पाहिलेला नसतो. म्हणून मी कंपनीचा काढते आणि माझा बसवते.

प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामध्ये एक मऊ पेस्ट लागते. दोन्हीकडचा धातू कितीही गुळगुळीत दिसला तरी त्यात बारीक खाचा असतात. खाचांत हवा अडकते आणि हवा उष्णता अडवते. पेस्ट त्या खाचा भरून काढते. ती किती लावायची, तर शिकवणारे सांगतात, तांदळाच्या दाण्याएवढी. हे गोंदियात सांगून बघा! एका गुरुजींनी मला लगेच अडवलं, "कोणता तांदूळ, मॅडम? एचएमटी की जाडा?" प्रश्न चोख होता. मी 'जाडा' म्हणाले आणि तेव्हापासून तसंच सांगते. याच गुरुजींनी पुढच्या वर्षी पेस्ट वाळली म्हणून दात घासायची पेस्ट लावली. चार दिवस कॉम्प्युटर चालला, खोलीत पुदिन्याचा वास सुटला, पाचव्या दिवशी सगळं वाळून खडू झालं. देवरीच्या एका लाकडाच्या आरा मशीनवाल्याने बेअरिंगचं ग्रीस थापलं होतं, तेही बोटभर. "जेवढं ज्यादा तेवढं बरं, ताई," तो मला समजावत होता. फुलचूरच्या एका काकूंनी तर कॉम्प्युटरला भरतकाम केलेलं झाकण शिवलं होतं आणि धूळ जाऊ नये म्हणून चालू असतानाही त्या ते काढत नसत. या सगळ्यांना मी मनसोक्त हसले आहे. तोंडावर हसण्याची मला खोडच होती, आणि ती कशी मोडली हे सांगायलाच लिहायला बसले आहे.

मनिराम लंजे एका रविवारी दुकानात आला. अर्जुनी-मोरगावकडचा, तिशी ओलांडलेला माणूस, खांदे पोती वाहून रुंद झालेले. गोंदियाबाहेरच्या एका राइस मिलमध्ये तो कलर सॉर्टर चालवत होता. या मशीनमध्ये तांदूळ नळ्यांमधून धारेनं खाली पडतो, कॅमेरे प्रत्येक दाणा बघतात आणि काळा किंवा पिवळा दाणा दिसला की हवेचा फटका देऊन तेवढाच बाजूला उडवतात. हे सगळं बाजूला ठेवलेला एक साधा कॉम्प्युटर करवतो. तो बंद पडला की फटके थांबतात आणि काळे दाणे चांगल्या तांदळाबरोबर सरळ पोत्यात जातात.

"ताई, कॉम्प्युटर आपल्या मनानं बंद होते," मनिराम म्हणाला. "सेठ म्हनते, तू झोपतं अन् बंद करून ठेवतं. मी काऊन बंद करन? दोन डाव झालं. तिसऱ्यांदा झालं तं खुर्ची जाते माही."

ही खुर्ची म्हणजे काय ते मला त्याच्याशी बोलताना कळलं. त्याच मिलमध्ये त्यानं दहा वर्षं हमाली केली होती. सॉर्टर आला तेव्हा कंपनीचा इंजिनिअर तो जुळवायला आठवडाभर येत होता. मनिराम पोतं टाकून आला की दर वेळी दोन मिनिटं त्याच्या मागे उभा राहायचा. इंजिनिअर गेल्यावर मशीन बिघडलं आणि ते जुळवता आलं ते फक्त या दहावी नापास हमालाला. सेठनं त्याला खुर्ची दिली. त्याच्या घरात बसून काम करणारा तो पहिला माणूस. मिलमध्ये 'ए लंजे'चा 'लंजेभाऊ' झाला होता.

मी मिलमध्ये गेले आणि सेठसमोरच कॉम्प्युटर उघडला. आत पंखा दिसतच नव्हता. तांदळाच्या कोंड्याला तेल असतं, त्यामुळे त्याची धूळ नुसती बसत नाही, चिकटते. पात्यांच्या फटी जाड कांबळ्यासारख्या भरल्या होत्या. मी एक थर सोलून सेठच्या हातावर ठेवला. "ही बघा लंजेभाऊची झोप," म्हणाले. सेठ ओशाळला. मनिरामकडे बघून मी म्हटलं, "आता पुन्हा तुझं नाव येणार नाही. जबाबदारी माझी."

साफ करून भागणार नव्हतं. आठ दिवसांत पुन्हा तेच झालं असतं. जिथं पंखा असेल तिथं तो कोंडा ओढणारच, तेव्हा पंखाच नको, असं मी ठरवलं. कॉम्प्युटर पत्र्याच्या बंद पेटीत ठेवायचा, प्रोसेसरवर मोठा ठोकळा बसवायचा आणि ठोकळ्याची पाती पेटीच्या पाठीतून बाहेर काढायची. पात्यांमध्ये बोट जाईल एवढी जागा सोडायची, म्हणजे ब्रशनं कोंडा झटकता येतो. पंखा नसेल तर हवा हलवायची कोणी? उष्णतेनंच. पाती उभी असली की मधली गरम हवा वर निघून जाते आणि खालून थंड हवा आपोआप आत येते. धुराड्याचं काम चालतं तसंच.

ठोकळ्यासाठी मी भंगारवाल्याकडून मेलेल्या वेल्डिंग मशीनमधला पात्यांचा तुकडा आणला आणि गफूरचाचांच्या खरादवर, म्हणजे लेथवर, नेला. पहिल्यांदा अशा कामासाठी त्यांच्याकडे गेले होते तेव्हा ते म्हणाले होते, "बेटी, इडली का साँचा बनवाना है क्या?" आणि शेजारच्या दोघांना बोलावून माझं ड्रॉइंग दाखवलं होतं. तिघेही पोट धरून हसले होते. त्या दिवशी मला घरी येऊन रडू आलं होतं, हे आज सांगायला हरकत नाही. पुढच्या वेळी मी स्वतःचं मोजमापाचं कॅलिपर घेऊन गेले आणि चाचांची केसाएवढी चूक काढून दाखवली. आता ते माझ्या कामाला आधी हात घालतात.

ठोकळ्याच्या तळाला तांब्याची जाड पट्टी लावली. तळ सपाट हवा, नाहीतर सगळं फुकट. जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून तो घासायचा, मग काचेवर निळी शाई पसरून टेकवायचा. शाई सगळीकडे सारखी लागली की सपाट. मला दोन दिवस लागले. बसवताना प्रोसेसरभोवतीच्या चार भोकांतून चार बोल्ट जातात. मदरबोर्ड वाकू नये म्हणून मागून लोखंडी पट्टी द्यायची आणि बोल्ट आमनेसामनेचे, थोडे थोडे आवळायचे. एकाच बाजूनं आवळला तर प्रोसेसरचा कोपरा चिरडतो. माझ्या हातून एक चिरडला आहे. दुसरा नाही.

डिसेंबरात मिलमध्ये बसवायला गेले. सगळं बसलं, पण ठोकळ्याची एक कड शेजारच्या मेमरीच्या पट्टीला लागत होती. ती चारही भोकं चौरसावर असतात, म्हणजे ठोकळा कोणत्याही बाजूनं बसतो. मी तो पाव फेरा फिरवला. कड सुटली, बोल्ट बसले, पेटी बंद झाली. वेळेवर सुचलं म्हणून मी स्वतःवरच खूश झाले. मनिरामनं बाहेर आलेल्या पात्यांना हात लावला आणि झटक्यात मागे घेतला.

"हे तं तापून राहिलं, ताई."

"तापू दे. ठोकळा तापला म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर आली. गरम लागणं हेच त्याचं काम."

हिवाळाभर कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. सेठ येणाऱ्याजाणाऱ्याला पेटी दाखवायचा. दुसऱ्या दोन मिलवाल्यांनी मला बोलावलं. मीही जरा वरच्या पट्टीत बोलू लागले होते, खोटं कशाला सांगू.

एप्रिलमध्ये सेठचा फोन आला. कॉम्प्युटर दोन दिवसांत चारदा बंद पडला होता. मी गेले तेव्हा मनिराम नुकताच आला होता. मेहुणीच्या लग्नासाठी तो दोन दिवस गावी होता आणि शर्टावर अजून हळदीचे डाग होते. त्या दोन दिवसांत मशीनवर बदली माणूस बसला होता. मी पेटीच्या मागे गेले आणि बघतच राहिले. माझ्या ठोकळ्याच्या पात्यांभोवती रिकाम्या पोत्याचा बारदाना गुंडाळला होता, सुतळीनं बांधून. तो वाळून कडक झाला होता आणि त्यावर कोंड्याचा बोटभर थर बसला होता. हवेला जायला जागाच नव्हती.

"हे कोणी केलं?"

"मी," मनिराम म्हणाला. "लय तापे, म्हनून ओला करून बांधला."

मी हसले. नुसती हसले नाही, सुतळी कापून तो बारदाना दोन बोटांत धरून बाहेर आणला. तिथं सेठ होता, सात-आठ हमाल होते, काट्यावरचा मुनीम होता. "बघा सेठजी, मी हीटसिंक बसवलं आणि यानं त्याचा माठ केला," म्हणाले. सगळे हसले. हमाल सगळ्यांत जास्त हसले, कारण लंजेभाऊवर हसायची संधी त्यांना कधी मिळत नव्हती. मनिरामनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. सेठ म्हणाला, "बस. बहुत हो गया. कल से दूसरा आदमी बैठेगा. तू बोरे पे जा." मनिराम पोत्यांवर गेला नाही. खुंटीवरची पिशवी घेतली आणि फाटकातून निघून गेला.

मी खुशीत घरी आले. माझ्या ठोकळ्यात खोट नव्हती, वापरणाऱ्याची चूक होती, एवढंच डोक्यात होतं. चाचांच्या खरादवर माझ्यावर हसले तेव्हा कसं वाटलं होतं, ते त्या संध्याकाळी मला एकदाही आठवलं नाही.

आठवडा गेला आणि सेठचा पुन्हा फोन. नवा माणूस, बारदाना नाही, तरी कॉम्प्युटर रोज सकाळी अकराच्या आत बंद पडत होता. आधी तो त्या दोन दिवसांतच पडला होता, आता रोजचं झालं होतं. हे मला खटकलं. मिलमध्ये गेले, पेटीच्या मागे बसले आणि पात्यांना हात लावला. बुडाशी चटका बसला, पण वर हात धरला तर गरम हवा लागेना. प्रत्येक पात्यावर कोंडा नीट पसरून बसला होता, फळीवर बसावा तसा. ऑफिसातल्या लक्ष्मीच्या फोटोपुढची उदबत्ती मी उचलून आणली आणि पात्यांच्या खाली धरली. धूर सरळ वर आला, पहिल्या पात्याला अडला आणि बाजूनं निघून गेला. आत शिरलाच नाही.

पाती आडवी होती. डिसेंबरात पाव फेरा फिरवताना मीच ती आडवी केली होती. थंडीत ते खपून गेलं, उन्हाळ्यात उघडं पडलं. तेव्हा मेमरीला लागणारी कड कानस मारून घासली असती तर पाव तासाचं काम होतं. मी तो पाव तास वाचवला आणि मनिरामची खुर्ची गेली.

मी ठोकळा काढला, कड घासली, नवी पेस्ट लावली, पाती उभी करून बोल्ट आवळले. उदबत्तीचा धूर आता खालून शिरून वरून बाहेर पडत होता. दुपारी ऐन उन्हात कॉम्प्युटर चालत राहिला. सेठ येऊन उभा राहिला, समाधानानं म्हणाला, "देखा मॅडम? लंजे गया और मशीन ठीक."

चहा आला होता. मी कप हातात घेतला. नवा माणूस स्क्रीनकडे बघत होता, मी काय केलं ते कोणालाच कळलं नव्हतं आणि कधी कळलंही नसतं. सेठला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत जिल्ह्यातल्या सगळ्या मिलवाल्यांना कळणार होतं. बाईच्या कामात पहिली चूक सापडायची वाट बघणारे त्यांत कमी नव्हते. मग मला मीच म्हणालेलं आठवलं, पुन्हा तुझं नाव येणार नाही. कप खाली ठेवला आणि सांगितलं, "सेठजी, चूक लंजेची नव्हती. ठोकळा मी चुकीचा बसवला होता."

सेठ माझ्याकडे बघत राहिला. "तो मॅडम, आप मेरेको ये बता क्यों रही हो?" त्याला खरंच कळत नव्हतं. मग म्हणाला, "ठीक है. वापस आया तो रख लूँगा."

दुसऱ्या दिवशी बस धरून मनिरामच्या गावी गेले. इटियाडोह धरणाच्या कालव्याचं पाणी सुटलं होतं, उन्हाळी धान हिरवंगार होतं. मनिराम धानाच्या बांधीत फावडं घेऊन धुरा, म्हणजे कडेचा बांध, नीट करत होता. मला बघून त्यानं फावडं खाली ठेवलं नाही. मी धुऱ्यावर उभी राहूनच सगळं सांगितलं. आडवी पाती, उदबत्ती, सेठशी झालेलं बोलणं.

"तवा कोन कोन होतं?" त्यानं विचारलं.

"सेठ आणि मी."

"मंग मी नाही येत." त्यानं फावडंभर चिखल धुऱ्यावर टाकला. "त्या दिवशी हमाल होते, मुनीम होता. त्याइच्या कानावर पडलं नाही तं मी थ्या खुर्चीवर बसून काय करू? ते मले पाहून हासतीनच ना."

मला वाटलं होतं तो खूश होईल, आभार मानेल. राग आला मला. परतीच्या बसमध्ये निम्मी वाट तो टिकला. मग वाटलं, मनिराम मागतोय ते अगदीच बरोबर आहे. त्याच रात्री निरोप पाठवला. सोमवारी ये, सगळ्यांसमोर सांगते.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत हमाल शेडखाली डबे उघडून बसले होते. मुनीम होता, सेठही कुतूहलानं आला. मनिराम सॉर्टरच्या खोलीच्या दाराशी हाताची घडी घालून उभा होता. मी उभी राहिले.

"त्या दिवशी मी लंजेभाऊवर हसले आणि तुम्हालाही हसवलं. चूक माझी होती. पाती उभी पाहिजे होती, मी आडवी बसवली. त्यामुळे गरम हवा निघत नव्हती. हिवाळ्यात चाललं, उन्हाळ्यात..."

इथं मी थांबले. आठवडाभर जे मला खटकत होतं आणि पाती फिरवण्याच्या घाईत मी मागं टाकलं होतं, ते बोलता बोलता पुढ्यात आलं. पाती आडवी होती, तर मार्चातच कॉम्प्युटर बंद पडायला हवा होता. मनिराम मशीनवर होता तोवर तो पडला नव्हता, बारदाना काढल्यावर रोज पडू लागला. ओलं पोतं वाळताना उष्णता ओढून नेतं, हे घरात माठ असलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. मीच तर माठ म्हणून हसले होते.

"उन्हाळ्यात मशीन माझ्या ठोकळ्यावर चाललंच नाही," मी म्हणाले. "ते लंजेभाऊच्या पाण्यावर चाललं. तो लग्नाला गेला, पाणी मारायला कोणी नव्हतं, बारदाना वाळला आणि मशीन बंद पडलं."

मग एक म्हातारा हमाल पोळीचा तुकडा हातात धरून म्हणाला, "मंग शाना तं लंजेभाऊच निंगाला." दोघंतिघं हसले, पण ते हसणं वेगळं होतं. सेठ ऑफिसकडे गेला आणि जाताना त्यानं नव्या माणसाला हातानं बाहेर बोलावलं.

मी मनिरामच्या मागे खोलीत गेले. त्यानं खुर्ची गमछ्यानं पुसली, बसला, स्क्रीनवर डोळे बारीक करून दोन आकडे बदलले. पेटीच्या मागे गेला, उभ्या पात्यांवर हात धरून वर येणारी गरम हवा बघितली आणि मान हलवली. पेटी घट्ट बंद होती, एवढं पाणी मारूनही आत थेंब गेला नव्हता. तेवढं तरी माझं काम चोख होतं.

"किती दिवस पाणी मारत होतास?"

"होळीपासून. दर अर्ध्या घंट्यानं. जेवाले जाव तवाही एक डाव मारून जाव."

"अरे, मग त्या दिवशी हे सांगितलं का नाहीस? तोंड तर उघडलं होतंस."

त्यानं बटन दाबलं. नळ्यांतून तांदूळ पडू लागला, हवेचे फटके सुरू झाले. तो स्क्रीनकडेच बघत म्हणाला,

"तुमी हासून राहिल्या होत्या ना, ताई."